पाळकसाहेबांचा डावा पाय

सातुआले गावाची पत पाळकसाहेबांच्या पोटावरून ठरते. चर्चचं छप्पर गळायला लागलं तर लोक म्हणतात, बघू पुढच्या वर्षी. पण पाळकांच्या दोन हनुवट्यांची एक व्हायला लागली, तर शेजारच्या फोगालेपा गावात त्याच संध्याकाळी विषय निघतो, की सातुआलेवाल्यांच्या चुली थंडावल्या वाटतं.

पाळक केरेती एकोणीस वर्षांपूर्वी आमच्याकडे आले तेव्हा ब्याण्णव किलोंचे होते. खोबऱ्याच्या वखारीत गंमत म्हणून काट्यावर उभे राहिले होते, म्हणून आकडा लक्षात आहे. महिला मंडळाच्या अध्यक्षीण माकेरिताबाई त्यांना खालून वर न्याहाळून म्हणाल्या होत्या, "मुलगा चांगला आहे. आधीच्या गावानं फार हयगय केलेली दिसते."

ती हयगय आम्ही भरून काढली. गावात छत्तीस घरं. रोज एका घराची पाळी, सकाळ-संध्याकाळ ताट पाळकांकडे, आणि रविवारी उपासनेनंतर सगळ्या घरांचं एकत्र जेवण. कुणी काय आणलं ते अंगणात उभं राहून खड्या आवाजात पुकारायचं काम माझं. मी गावचा बोलका मुखिया, म्हणजे सगळ्या घराण्यांच्या मुखियांच्या वतीनं बोलणारा, पुलेआ. माझ्या बापानं पुकारलं, मी पुकारतो. "दहा नीरफणस, एक अख्खं डुक्कर, डबाबंद मासळीचं एक खोकं, तालोसागा घराण्याकडून." हे ऐकलं की पुढच्या पाळीचं घर बारा नीरफणस आणणार हे ठरलेलं. तेव्हा पाळकसाहेबांच्या वजनात माझ्या गळ्याचाही थोडा वाटा आहे, हे इथंच कबूल करून टाकतो.

माणूस फार गोड. अंत्यविधीला सगळ्यांच्या आधी हजर, बाप्तिस्म्याला मूल रडलं तर त्याच्याबरोबर स्वतःही रडल्यासारखं तोंड करणार. प्रवचन वीस मिनिटांत आटपणार, त्यामुळे साऱ्या पंचक्रोशीत त्यांचं नाव. एकच गोष्ट त्यांना जमत नव्हती. समोर ताट आलं की "पुरे" म्हणणं.

मग साखर आली. साखर आमच्याकडे पाहुण्यासारखी येते आणि जावयासारखी राहते. एकदा पाळकसाहेबांच्या डाव्या पायाला प्रवाळाचा तुकडा लागला, आणि त्यांना तो तीन दिवस कळलाच नाही. राजधानी आपियाच्या इस्पितळात दोन बोटं काढली. वर्षभरानं त्याच पायाच्या घोट्यापाशी एक जखम झाली, आणि ती भरायचं नाव घेईना.

फेब्रुवारीत मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्स आतालिना वयानं लहान, पण बोलण्याला भीडभाड नाही. त्यांनी साहेबांना काट्यावर उभं केलं. सुई दीडशेपर्यंत गेली, शेवटच्या खुंटीला टेकली आणि थांबली.

"हा काटा इथंच संपतो, साहेब," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही याच्या पुढं आहात."

वखारीतल्या काट्यावर उरलेलं कळलं. एकशे अडुसष्ट.

"ख्रिसमसपर्यंत वीस किलो उतरवा," नर्सबाईंनी सांगितलं. "गोळ्या मी देते, जखम मी धुते. पण वजन आणि साखर खाली आली नाही तर ही जखम भरणार नाही. आणि या खेपेला आपियाचे सर्जन बोटांवर थांबायचे नाहीत."

"पाऊल?" साहेबांनी विचारलं.

"पाऊल."

येताना गाडीत साहेब म्हणाले, "पुलेआ, गावात कुणाला सांगू नकोस. त्यांना वाटेल, आपण खाऊ घातलं म्हणून झालं."

"तसंच झालंय, साहेब."

"म्हणून तर सांगू नकोस."

पहिला उपाय पाळकीणबाईंनी काढला. लांगीबाई बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या. एकोणीस वर्षं त्याच ताटातलं खाऊन त्यांचं वजन कसं वाढलं नाही, हे कोडं आजही सुटलेलं नाही. आलेल्या ताटातलं निम्मं त्या गुपचूप डुकरांना घालू लागल्या. पण आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब. अशा घरात गुपित ठेवणं म्हणजे जाळ्यात पाणी धरणं. आठव्या दिवशी माकेरिताबाईंना डुकरांच्या द्रोणीत स्वतःच्या हातची पालुसामी दिसली. अळूच्या पानांत नारळाचं घट्ट दूध भरून भाजलेली, आणि बांधायची गाठ माकेरिताबाईंचीच.

"लांगी, डुकरांना पालुसामी कधीपासून आवडायला लागली?"

"उरली होती, मावशी."

"एकोणीस वर्षांत कधी उरली नाही." मग आवाज एकदम खाली आला. "मीठ जास्त झालं होतं का गं?"

लांगीबाईंना त्या आवाजाचं इतकं वाईट वाटलं, की दुसऱ्या दिवसापासून ताट पुन्हा साहेबांसमोर. डुकरं मात्र आठवडाभर पाळकांच्या दारात आशेनं उभी राहायची.

दुसरा उपाय चालण्याचा. नर्सबाईंनी मऊ तळाचे बूट दिले आणि सपाटीवर हळूहळू चालायला सांगितलं. साहेब पहाटे साडेपाचला निघाले. शंभर पावलं झाली नसतील, एक पिकअप थांबली.

"साहेब, गाडी बिघडली काय?"

"नाही रे. चालतोय."

"चालताय? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"अरे बाबा, व्यायाम."

"बसा, साहेब. कुणी बघितलं तर आमचं काय राहील?"

नाही म्हणणं जमत नाही, हे वर सांगितलंच. साहेब बसले. दुसऱ्या दिवशी दुसरी पिकअप. गुरुवारी तर बस थांबली. आतली सगळी माणसं अदबीनं वाट पाहत राहिली, कारण पाळक चढल्याशिवाय बस हलवणार कोण? साहेब व्यायामाला निघाले ते वीस किलोमीटरवर बंदरात उतरले. तिथं एका ओळखीच्या बाईनं त्यांना नारळाच्या दुधात मुरलेले गोड पाव खाऊ घातले. सहा.

इकडं फोगालेपात बातमी पोचली, की सातुआलेचा पाळक पहाटे रस्त्यावर उभा असतो आणि बंदरावर पाव खातो. घरी पोटभर मिळत नसणार.

महिला मंडळाची तातडीची बैठक भरली. मी बोलावल्याशिवाय गेलो, कारण अशा बैठकीत पुरुषांना कुणी बोलावत नाही. माकेरिताबाई उभ्या राहिल्या. "बायांनो, नाक कापलं गेलंय," त्या म्हणाल्या. "साहेब आपल्याला तोंडानं सांगत नाहीत. पण ताट डुकरांना जातंय, आणि ते स्वतः पावासाठी बंदर गाठतायत. चव बिघडलीय आपली." ठराव झाला: उद्यापासून एका दिवशी एका घराची नव्हे, दोन घरांची पाळी.

मला तोंड उघडता आलं असतं. पण साहेबांना शब्द दिला होता. शब्द पाळल्याचा मला एरवी अभिमान असतो. त्या एप्रिलात वखारीचा काटा एकशे त्र्याहत्तरवर गेला, आणि माझा अभिमान तिथंच संपला.

"साहेब, तुमच्या गुपितानं तुमचा पाय जाणार आहे," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी, जेवणाच्या वेळी, सगळे मुखिये चटईवर गोल बसलेले, मी अंगणात पुकारत होतो, आणि साहेबांनी हात वर केला. पुकारा चालू असताना मध्ये कुणी थांबवल्याचं मला आठवत नाही. माझ्या बापालाही आठवलं नसतं.

मग साहेबांनी डावा पाय पुढं पसरला.

आमच्याकडे बसलेल्या माणसांसमोर कुणी पाय पसरत नाही. दुखत असला तर त्यावर चटई ओढतात. इथं पाळकानं गावाच्या मुखियांकडे पाय केला, आणि वरची पट्टी सोडली. कुणाच्या हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही.

"दोन बोटं इस्पितळानं घेतली," साहेब म्हणाले. "आता पाऊल मागतायत. ख्रिसमसपर्यंत मुदत आहे. मी प्रयत्न केला, पण मला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. एकट्याच्यानं हे होणार नाही."

माकेरिताबाई कितीतरी वेळ त्या पायाकडे बघत होत्या. "म्हणजे हे आम्ही केलं?"

"नाही, मावशी. ताट तुमचं, पण तोंड माझंच."

त्यांनी पदराला डोळे पुसावेत असा प्रसंग होता. पण आमच्या बायांना पदर नसतो, आणि माकेरिताबाईंना रडायची सवय नाही. त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "वजन उतरवायचं म्हणजे किती?"

"त्र्याहत्तरवरून अठ्ठेचाळीस. पंचवीस किलो."

"आणि फोगालेपाच्या पाळकाचं किती आहे?"

"मावशी, त्यांचा काय संबंध?"

"संबंध आहे," माकेरिताबाई म्हणाल्या. "त्यांच्या पाळकाला साखर नाही असं थोडंच आहे? त्यांना फक्त कळलेलं नाही."

इथून पुढं काय झालं ते गाव सोडून कुणाला खरं वाटत नाही. ज्या ईर्ष्येनं आम्ही एकोणीस वर्षं माणूस फुगवला, त्याच ईर्ष्येनं उतरवायला बसलो. आठवड्याला सहा घरांचा एक गट. शनिवारी सकाळी वखारीत काटा. रविवारी मी त्याच खड्या आवाजात पुकारायचो, "तालोसागा घराण्याच्या गटाकडून, सव्वा किलो." पुढच्या गटाच्या बाया तिथंच कुजबुजायला लागायच्या. टर्कीच्या चरबीदार शेपट्या गावातून हद्दपार झाल्या. पुरुष पहाटे खडकावर मासे धरायला जाऊ लागले, नारळाच्या दुधात पाणी पडू लागलं. एका गटानं तर आठवडाभर साहेबांना नुसती काकडी आणि पपई वाढली आणि तीन किलो उतरवले. नर्सबाईंनी येऊन सगळ्यांना झापलं, ते तीन किलो बाद झाले, आणि त्या गटाला अजून "काकडीवाले" म्हणतात.

चालण्याचा प्रश्न पंचायतीनं सोडवला. पहाटे पाळकांसाठी गाडी थांबवील त्याला मासळीच्या डब्यांचं एक खोकं दंड. पहिल्याच आठवड्यात तीन खोकी जमली. मग लक्षात आलं, की दंडातला पहिला वाटा रिवाजाप्रमाणे पाळकांच्या घरी जातो. तेव्हा दंड बदलून चर्चच्या आवारातलं गवत काढायची शिक्षा ठेवली. त्यानंतर एकही गाडी थांबली नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या काट्याची सुई खुंटीपासून सुटली. एकशे एकोणपन्नास. नर्सबाईंनी साहेबांना तीनदा उतरवून चढवलं. बातमी आमच्या आधी गावात पोचली.

आणि गावानं मेजवानी दिली.

हसू नका. आमच्याकडे आनंद झाला की दुसरं काही करायचं असतं हे कुणाला ठाऊकच नाही. पाच डुकरं, उमूच्या भट्टीचे दगड पहाटेपासून तापलेले, पिसुपोचे, म्हणजे खारवलेल्या गोमांसाचे डबे उघडलेले. फोगालेपाच्या लोकांना मुद्दाम आमंत्रण, की या, बघा आमचा पाळक किती उतरला. पाहुणे आले, त्यांनी बघितलं, आणि साहेबांनाच आग्रह करकरून वाढलं. समारंभ तीन दिवस चालला. शनिवारी काट्यानं एकशे पंचावन्न दाखवलं.

मला सगळ्यात जास्त भीती नंतर वाटली. मेजवानीत वाढलेलं वजन चिडून उतरवता येतं. पण गाव थकलं होतं. रग्बीचे सामने सुरू झाले, शनिवारी वखारीत चार माणसं उरली, मग दोन, मग मी आणि काटा. बायांनी पुन्हा नारळाचं दूध घट्ट पिळायला सुरुवात केली, वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं. साहेबही पहाटे उठेनासे झाले. ऑक्टोबरात एकशे अठ्ठावन्न.

एका दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना, मी चर्चमध्ये माझी विसरलेली टोपी आणायला गेलो. मागच्या खोलीत साहेब बसले होते. मांडीवर प्रवचनाची वही, वहीवर पिसुपोचा उघडा डबा, हातात चमचा.

मी बसलो. ते खातच राहिले.

"कितवा?" मी विचारलं.

"आजचा पहिला."

"या आठवड्यातला?"

"पुलेआ, तू पुकारणारा आहेस की पोलीस?"

"तुम्हाला एवढा आवडतो का हा?"

त्यांनी डब्याकडे असं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतायत. "नाही," ते म्हणाले. "खारट असतो. मला कळत नाही मी का खातोय." थोड्या वेळानं म्हणाले, "मध्यंतरी शनिवारी वखारीत गर्दी असायची ना, तेव्हा मला भूकच लागत नव्हती. त्याआधी ताट यायचं, मी संपवायचो, मावशींचा चेहरा उजळायचा. मला वाटतं मी ताट कधी खाल्लंच नाही. मी तो चेहरा खायचो. आता ताटही कमी येतं आणि चेहराही येत नाही. मूल येतं, झाकून ठेवून पळतं."

मी बोलायचा धंदा करतो, पण मला सुचलं ते बाहेर पडताना.

"साहेब, ताट तुमच्याकडे का येतं? तुम्ही ताटाकडे जा."

"म्हणजे?"

"ज्या घराची पाळी, त्या घरी चालत जायचं. बसायचं, बोलायचं, तिथं त्यांच्याबरोबर एक ताट खायचं, चालत परत यायचं. चेहरे तिथंच असतात."

साहेबांनी डब्यावर झाकण दाबलं. "पाळक दारोदार जेवायला? फोगालेपा काय म्हणेल?"

फोगालेपाचं नंतर. आधी आमचीच पंचायत उखडली. म्हातारे म्हणाले, पाळकानं जेवणासाठी घरोघर फिरणं म्हणजे भीक. दोन तास काथ्याकूट झाला. शेवटी माकेरिताबाईंना बोलावणं गेलं, जे सहसा जात नाही.

"पाळकांनी घरी येऊन प्रार्थना करायला कुणाची हरकत आहे?" त्यांनी विचारलं.

कुणाचीच नव्हती.

"मग ते प्रार्थनेला येतील. आता प्रार्थना चालू असताना जवळपास तारोचं उकडलेलं कंदमूळ पडलेलं असलं आणि ते त्यांच्या तोंडात गेलं, तर त्याला जेवण म्हणायचं की नाही, ते तुम्ही मुखिये बसून ठरवा. मला चूल आहे."

ठरवायला कुणी बसलं नाही. साहेब चालू लागले.

एकाच जागी दुसऱ्यांदा वाढून घेणं अवघड जातं हे आम्हाला तेव्हा कळलं, कारण पोरं मांडीवर चढतात, म्हातारे गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतात, आणि घरमालकीण बोलण्याच्या नादात वाढायचं विसरते. एका घरात साहेब दीड तास बसले, तर शेजारीण मला विचारायला आली, की आमच्याकडे पाऊण तासच का बसले. मी म्हटलं, तुमचा नवरा बोलत नाही. पुढच्या पाळीला नवरा बोलला. एखादा आठवडा वजन हलायचं नाही, एखादा आठवडा अर्धा किलो चढायचंही. तरी साहेब दुसऱ्या दिवशी निघायचे, कारण कुणीतरी वाट बघत असायचं.

नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत पस्तीस घरं झाली. राहिलं एक, डोंगराच्या अंगावरचं, म्हाताऱ्या लोसाबाईंचं. तिथला चढ जखम भरेपर्यंत चढायचा नाही, अशी नर्सबाईंची ताकीद होती. शिवाय लोसाबाईंचं नाव पाळीत नव्हतंच. एकट्या विधवेकडे उमू पेटवायला पुरुष नाही, म्हणून गावानं दयेनं त्यांना वगळलं होतं.

ख्रिसमसच्या आठ दिवस आधी आम्ही दवाखान्यात गेलो. एकशे सेहेचाळीस. नर्सबाईंनी आकडा लिहिला आणि लगेच पायाकडे वळल्या. पट्टी सोडली, दिवा जवळ घेतला, बोटानं घोट्याभोवती दाबत गेल्या. लांगीबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिले.

"कातडी धरलीय," नर्सबाई म्हणाल्या. "कोरडी आहे. आपियाला चिठ्ठी लिहायची गरज नाही."

लांगीबाई खाली बाकावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. साहेब त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. नर्सबाईंनी बजावलं, "साखर कुठं गेलेली नाही, साहेब. अजून खूप उतरवायचंय. आणि मेजवानी दिलीत तर मी स्वतः येऊन डुकरं सोडून देईन."

"चढ चढू शकतो का?" साहेबांनी विचारलं.

"थांबत थांबत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं डोंगराला लागलो. साहेब पाच ठिकाणी थांबले, मी सहा. लोसाबाई उंबऱ्याच्या दगडावर बसून बघत होत्या, कधीच्या कोण जाणे.

"एकोणीस वर्षं लागली का रे इथवर यायला?" त्या म्हणाल्या.

"चुकलंच, आजी," साहेब धापा टाकत म्हणाले. "गावाला वाटलं तुम्हाला त्रास नको."

"मी सांगितलं होतं का त्रास होतो म्हणून? खालून त्याचा आवाज ऐकू येतो मला." हात माझ्याकडे. "या घराचे दहा, त्या घराचे बारा. लोसाचं नाव कधी ऐकलं नाही. लोकांना वाटत असेल मेली."

मी जमिनीकडे बघितलं. साहेब चटईवर बसले, पाय नीट आत घेतला. लोसाबाईंनी पानावर एक उकडलेलं हिरवं केळं, एक छोटा भाजलेला मासा आणि चिमूटभर मीठ ठेवलं. प्रार्थना झाली. साहेब सावकाश खाऊ लागले. त्या त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या आणि नवऱ्याबद्दल सांगत होत्या, तो माशासारखे केळ्यातही काटे शोधायचा म्हणून, त्याच्या बोटीबद्दल, वाहून गेलेल्या जुन्या चर्चबद्दल. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि मी या गावात जन्मलेला.

पान रिकामं झालं. लोसाबाईंनी टोपलीतून दुसरं केळं काढलं आणि पुढं केलं.

साहेबांनी त्यांचा हात केळ्यासकट दोन्ही हातांत धरला. "हे पुढच्या पाळीला, आजी."

एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं.

लोसाबाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "म्हणजे येणार आहेस पुन्हा."

"येणार."

"कधी?"

"छत्तीस दिवसांनी. रविवार सोडून."

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, मध्येच सोडून दिली, केळं टोपलीत ठेवलं आणि वर पान झाकलं. "तोवर हे नासेल," त्या म्हणाल्या. "मी दुसरं उकडीन."